तरुण संघाची मिशन ट्रिप : नेपाळ, जाफना की कोकणातल्या आमराया?

तुमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने येत्या मे महिन्यात परदेशी मिशन ट्रिप काढायची ठरवली असेल, तर पास्टरेट कमिटीच्या बैठकीत बहुधा दोन नावे पुढे येतील : नेपाळ आणि श्रीलंका. नेपाळ खिशाला परवडतो. श्रीलंकेला बहुतेक जण विमानाने जातात, म्हणून मुलांना ती जास्त ‘फॉरेन’ वाटते. या दोन नावांत मी तिसरे घालतो आहे, रत्नागिरीचे. ते परदेशात नाही. तरी का घातले, ते पुढे येईलच.

माझा कल आधीच सांगतो. पहिल्यांदाच देशाबाहेर पडणाऱ्या गटाने नेपाळला जावे, मात्र पिशवीत धर्मप्रचाराचे एकही पत्रक न घेता. श्रीलंकेच्या उत्तरेतले तमिळ गाव जाफना हे कॉलेजच्या वयाच्या, लहान आणि आधी थोडे वाचायची तयारी असलेल्या गटाचे ठिकाण आहे. आणि ज्या संघात निम्मी मुले अजून शाळेत आहेत, त्या संघाने यंदा कोकण गाठावे.

कायदा, आणि त्याची झळ कोणाला

नेपाळची निवड भाड्यावरून होते आणि कायद्याचा विषय निघतच नाही, म्हणून सुरुवात इथून. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने देश धर्मनिरपेक्ष ठरवला, पण त्याच संविधानाच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचे धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करवणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी माणूस परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत त्याला देशाबाहेर पाठवायचे, असेही त्यात लिहिले आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण हा कायदा लागतो.

समजा, मुलांनी उत्साहाने बाजारात पत्रके वाटली आणि कोणी तक्रार केली. तोवर तुमची बस सोनौलीला भारत-नेपाळ हद्द ओलांडून गेलेली असेल. पोलीस ज्याच्या दारात येतील, तो तुम्हाला जेवू घालणारा तिथला पाळक असेल. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळमध्ये ख्रिस्ती लोक १.७६ टक्के आहेत. १९५० च्या आधी तिथे मंडळी म्हणावी असे काही नव्हतेच. १९६० च्या दशकात बाप्तिस्मा दिल्याबद्दल पाळकांनी आणि घेतल्याबद्दल साध्या माणसांनी तुरुंगवास भोगला आहे. त्या मंडळीने जे कमावले ते आपल्या दहा दिवसांच्या उत्साहापायी धोक्यात घालायचा आपल्याला काहीही अधिकार नाही. या मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही. सुवार्ता सांगायची तिथल्या विश्वासणाऱ्यांना उत्तम समज आहे. कोणाशी, कधी, किती बोलायचे हे त्यांच्यावर सोडावे.

श्रीलंकेत असा कायदा नाही. २००४ मध्ये तसे विधेयक आले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी संविधानाशी विसंगत ठरवल्या आणि ते मंजूर झाले नाही. म्हणून मोकळीक आहे असे मात्र समजू नये. पर्यटक व्हिसा फिरण्यासाठी असतो, धर्मकार्यासाठी नसतो. शिवाय २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला कोलंबो, नेगोंबो आणि बट्टिकलोआ इथल्या चर्चमध्ये आणि काही हॉटेलांत बॉम्बस्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे गेली. ती जखम अजून ओली आहे. अनोळखी तरुणांचा घोळका उपासनेच्या वेळी दारात आला तर पाहणाऱ्यांच्या मनात काय येईल, याचा विचार जाणाऱ्यांनी करायला हवा. यजमान मंडळीने आधी सगळ्यांना सांगून ठेवलेले असले पाहिजे.

कोकणातला धोका वेगळ्या जातीचा आहे. तिथे तुम्ही ज्यांना भेटाल ते मालकाच्या आंब्याच्या बागेत, मालकाने दिलेल्या खोपीत राहणारे नेपाळी मजूर. मदतीच्या बदल्यात ‘उपासनेला या’ असे नुसते सुचवणेही त्यांच्या लाचारीचा फायदा घेणे होईल.

भाषा आणि भक्ती

नेपाळ मराठी मुलांसाठी खास ठरतो तो इथे. नेपाळी देवनागरीत लिहितात. काठमांडूच्या एखाद्या मंडळीत गीतपुस्तक हातात आले की आपली मुले पहिल्याच दिवशी अडखळत का होईना, सोबत गाऊ शकतात. दुभाष्याशिवाय एकत्र गाता येणे ही परक्या देशात फार मोठी गोष्ट आहे. हिंदीत बोलणे निभावते, जेवण डाळभाताचे. उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टी शनिवारची. चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर बसायचे, बऱ्याच ठिकाणी बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. भेटताना हात जोडून ‘जयमसीह’. आपल्या खेड्यांतल्या जुन्या मंडळ्यांत वाढलेल्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल.

एक गोष्ट आपल्या संघांत फारशी सांगितली जात नाही. नेपाळमध्ये रुग्णालये आणि शाळा उभारणारे ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ ५ मार्च १९५४ रोजी स्थापन झाले ते आपल्या नागपुरात. त्याची सुरुवात मसुरीला शिकवणारे पक्षीतज्ज्ञ रॉबर्ट फ्लेमिंग यांच्या नेपाळमधल्या पक्षी-मोहिमेतून झाली. त्यांच्या पत्नी बेथेल डॉक्टर होत्या, आणि पश्चिम नेपाळातल्या तानसेनला लोकांनी दवाखाना मागितला. सरकारने परवानगी दिली ती धर्मप्रसार न करण्याच्या अटीवर. ती अट स्वीकारून माणसे वर्षानुवर्षे तिथे राहिली, काम करत राहिली. तानसेनचे मिशन रुग्णालय आजही चालू आहे. तरुणांनी नेपाळला जाण्याआधी हा इतिहास समजून घेतला, तर पत्रके का न्यायची नाहीत हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

जाफन्यात भाषेची सोय नाही. तमिळ लिपी वाचता येत नाही, हिंदी चालत नाही, इंग्रजीवर भागवावे लागते. पण अहिल्यानगर, सातारा, सोलापूर या भागांतल्या ज्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिल्या, त्यांचे जाफन्याशी नाते आहे. दोन्हींकडे माणसे पाठवली ती ‘अमेरिकन बोर्ड’ या एकाच मिशनरी संस्थेने. सॅम्युएल आणि हॅरिएट न्यूएल हे जोडपे १८१२ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही. मॉरिशसला हॅरिएट वारली, तेव्हा तिचे वय होते १९. सॅम्युएल तिथून सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) गेला, जाफन्याची पाहणी केली, १८१४ मध्ये मुंबईला आला आणि १८२१ मध्ये मुंबईतच मरण पावला. १८१६ मध्ये जाफन्यात मिशन सुरू झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या बऱ्याच मंडळ्या आज दक्षिण भारत मंडळीच्या (सी.एस.आय.) जाफना धर्मप्रांतात आहेत, आणि मराठी मिशनमधल्या आपल्या मंडळ्या उत्तर भारत मंडळीत (सी.एन.आय.). एका आईची ही दोन लेकरे फार दिवसांत भेटलेली नाहीत. मराठी मंडळीने जाफन्याला जायचे सर्वांत मोठे कारण माझ्या लेखी हेच आहे.

तिथे काम मागू नये, ऐकायला जावे. श्रीलंकेतले यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपले, पण बेपत्ता झालेल्यांचे आईवडील अजून वाट पाहतात. १९८१ मध्ये जाळलेले जाफन्याचे ग्रंथालय पुन्हा उभे आहे. त्यात राख झालेली सुमारे ९७,००० पुस्तके आणि हस्तलिखिते परत येणार नव्हती. अशा गावात दुपारभर एखाद्या घरी बसून ऐकण्याची ताकद सतरा वर्षांच्या मुलात असतेच असे नाही. म्हणून वयाची अट.

करायला काय जाणार?

संघाच्या यादीत साधारण तीन कामे असतात : बांधकाम, अनाथाश्रम, मुलांची सुट्टीतली शास्त्रशाळा, म्हणजे बायबलचे वर्ग.

बांधकामाबद्दल एक अभ्यास आवर्जून सांगण्यासारखा आहे. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतले चर्चचे गट घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर हिशेब मांडला. पाहुण्यांच्या प्रवासासकट एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडले होते. तिथलीच संस्था तसे घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात, घर कोणी बांधले यावरून फरक दिसला नाही. आपला प्रवास इतका महाग नाही, पण हिशेब तोच राहतो. नेपाळमधला गवंडी तुमच्या बी.कॉम.च्या मुलांपेक्षा भिंत चांगली बांधतो, आणि त्याला त्या मजुरीची गरज आहे.

अनाथाश्रमाला सरळ नाही म्हणावे. १९९६ ते २००६ च्या माओवादी संघर्षात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून, शिक्षणाचे आमिष दाखवून, कितीतरी मुले काठमांडूच्या आश्रमांत आणली गेली. तिथल्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एकजण हयात असल्याचे युनिसेफ आणि बालहक्क संस्था सातत्याने सांगत आल्या आहेत. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून आश्रमांत मुले लागतात. आठवडाभर गळ्यात पडलेल्या मुलाला सोडून परत येणे हे त्या मुलासाठी आणखी एक तुटणे असते. मग फोटो कितीही गोड येवोत.

शास्त्रशाळा नेपाळमध्ये परक्यांनी मुळीच घेऊ नये. लहान मुले जमवणे हाच तिथे संशयाचा विषय होतो.

मग उरते काय? तिथल्या तरुणांबरोबर राहणे, त्यांच्या घरी स्वयंपाकात हात लावणे, त्यांच्याबरोबर डोंगरातल्या एखाद्या लहान मंडळीपर्यंत चालत जाणे, प्रार्थना करणे. काहींना ही नुसती सहल वाटते. मला तसे वाटत नाही. ज्यांना शनिवारी एकट्याने उभे राहावे लागते, त्यांच्यासाठी शेजारच्या देशातली दहा माणसे येऊन जमिनीवर बसली, याला मोल आहे.

आता रत्नागिरी. हापूसच्या बागांत राखणीला आणि मशागतीला नेपाळी कामगार येतात, हंगामभर राहतात, कित्येक कुटुंबासह. त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत दिसतात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश देतो आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हे त्या आई-बापांना सांगणार कोण? तुमच्या मुलांकडे इथे खरोखर उपयोगी पडणारे कौशल्य आहे : मराठी. शाळेत मागे पडलेल्या मुलाला वाचायला बसवणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतिणीबरोबर जाऊन डॉक्टरांचे म्हणणे समजावून देणे, हे बारावीची मुलगीही उत्तम करते. नेपाळला जाणाऱ्यांनीही आधी एक हंगाम हे करावे असे मला मनापासून वाटते. जिथे जायचे त्या गावचा माणूस देवगडच्या बागेत भेटू शकतो, आणि त्याच्या घरचा निरोप घेऊन जाणारा पाहुणा तिथे परका राहत नाही.

पैसे आणि कागद

कोकणाचे सांगायला नको. नेपाळसाठी पुण्याहून किंवा मुंबईहून गोरखपूरची रेल्वे, तिथून सोनौली, पलीकडे भैरहवा, बुटवल आणि घाटाने तानसेन. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. १५ ते १८ वयाच्या मुलांकडे मतदार ओळखपत्र नसते, म्हणून त्यांचे कागद आधी पाहावेत. जून लागला की दरडी कोसळतात, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन यावे. दसऱ्याच्या सुमारास नेपाळमध्ये दशैंच्या सणामुळे सगळे गावी गेलेले असते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा बेत तारखा पाहूनच करावा.

जाफन्याला चेन्नईहून तासा-दीड तासाचे विमान आहे. पासपोर्ट प्रत्येकाला हवाच, आणि प्रवेशाची ऑनलाइन परवानगी घेण्याचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी ते तपासावेत. एका माणसाचा खर्च नेपाळच्या कितीतरी पट होतो.

दानार्पणाबद्दल खजिनदारांनी लक्ष द्यावे असा एक मुद्दा आहे. मंडळीच्या धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरात सूट हवी असेल, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. न्यासाच्या खात्यातून ट्रिप काढण्याआधी सी.ए.ना विचारावे. जाणाऱ्यांनी आपापला खर्च उचलला, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

बोलावणे आणि परतभेट

देश ठरवण्याआधी यजमान ठरला पाहिजे. यजमान पाळकसाहेबांना पत्र लिहिताना ‘आम्ही काय करू?’ याबरोबर ‘आम्ही आलो तर तुमच्यावर किती खर्च आणि किती जोखीम पडेल? नको असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा’ हेही लिहा. उत्तर यायला महिने लागले तर लागू द्या. आठ-दहापेक्षा जास्त माणसे नेऊ नका. त्याहून मोठा गट कोणाच्या घरात मावत नाही आणि मग हॉटेल येते. समाजमाध्यमांवर नेपाळमधल्या उपासनेचा एकही फोटो टाकायचा नाही, हे घरून निघताना प्रत्येकाकडून कबूल करून घ्या.

आणि परतभेटीचा विचार आताच करा. नेपाळी तरुणांना भारतात यायला व्हिसा लागत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी तेच तुमच्याकडे येऊ शकतात : तुमच्या घरी राहतील, तुमच्या वेदीवरून साक्ष देतील, कोकणातल्या आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत भेटतील. जाफन्याच्या तरुणांनाही बोलावता येईल, पण व्हिसा लागेल आणि प्रवासही महाग पडेल. माझा कौल नेपाळकडे झुकतो त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. कमिटीपुढे अंदाजपत्रक ठेवाल तेव्हा जाण्याच्या खर्चाखालीच त्यांच्या येण्याचा खर्च लिहा आणि दोन्हींची मंजुरी एकाच ठरावात घ्या.