अल्स्टर ते मिसूरी: एका स्कॉच-आयरिश घराण्याच्या शोधात वापरलेल्या दफ्तरांचा अकरा महिन्यांचा अनुभव

माझ्या सासूबाईंच्या माहेरचे घराणे अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या नैऋत्य भागातले. आपण ‘स्कॉच-आयरिश’ आहोत आणि आपले पूर्वज टेनेसीहून आले, एवढ्या दोनच गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली, तेव्हा समुद्र ओलांडून आलेला पहिला माणूस कोण आणि तो कोणत्या वाटेने आला, हे शोधून देशील का, असे त्यांनी मला विचारले. त्या दिवसापासून अकरा महिने मी फॅमिलीसर्च हे विनामूल्य संकेतस्थळ, अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या भूमी कार्यालयाचे अभिलेख, राष्ट्रीय अभिलेखागारातील पेन्शनच्या फायली, व्हर्जिनिया राज्य ग्रंथालयाचे संग्रह, बेलफास्टच्या उत्तर आयर्लंड सार्वजनिक अभिलेख कार्यालयाची दफ्तरे, वर्गणी भरावी लागणारे एक संकेतस्थळ आणि एक डीएनए चाचणी एवढी साधने वापरली. लग्नाच्या नात्याने अशा घराण्यांशी जोडलेली मराठी माणसे आता अमेरिकेत बरीच आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत प्रारंभीच सांगते: ही घराणी तयार वंशवृक्षांत सापडत नाहीत, जमिनीच्या कागदांत सापडतात, आणि जे साधन शेजाऱ्यांची व साक्षीदारांची नावे हाती देते तेच खऱ्या उपयोगाचे.

स्कॉच-आयरिश म्हणजे मूळचे बहुतांशी स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातले प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे लोक. सतराव्या शतकात ते उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात वसवले गेले आणि तेथे तीन-चार पिढ्या काढून १७१७-१८ पासून अमेरिकन क्रांतीपर्यंत लाटांमागून लाटांनी अमेरिकेत आले. पट्ट्याची मुदत संपताच वाढणारा खंड, ओळीने आलेली नापिकीची वर्षे, तागाच्या कापडाच्या व्यापारातील मंदी आणि आपल्या पंथाचे नसलेल्या चर्चला द्यावा लागणारा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, अशी त्यांच्या निघण्याची कारणे होती. शोध घेणाऱ्यासाठी मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पेनसिल्व्हेनियाने १७२७ पासून जर्मन प्रवाशांच्या याद्या ठेवायला सुरुवात केली, कारण ते परकीय राजाचे प्रजाजन होते. अल्स्टरहून येणारे ब्रिटिश राजाचेच प्रजाजन असल्यामुळे त्यांच्या याद्या ठेवण्याचे कोणालाच कारण नव्हते. म्हणून ‘आमचे पूर्वज अमुक जहाजाने आले’ असे छातीठोकपणे सांगणारा वंशवृक्ष दिसला की त्यामागचा कागद मागावा.

मी तो मागितला नाही आणि पहिले तीन महिने गमावले. वर्गणीच्या संकेतस्थळावर आडनाव टाकताच शेकडो सार्वजनिक वंशवृक्ष समोर आले. त्या सर्वांत मूळ पुरुष १७१८ मध्ये बॉस्टनला उतरलेल्या जहाजांपैकी एकातून आलेला होता आणि त्याच्यामागे स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्याची पाच पिढ्यांची माळ जोडलेली होती. इतके लोक एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी असणार, असे मला वाटले, आणि मी ती सासूबाईंना कळवूनही टाकली. पुढे एकेका वृक्षाखालचे आधार उघडून पाहिले, तेव्हा प्रत्येकाचा आधार म्हणजे दुसरा वृक्ष होता; मूळ कागद कोठेच नव्हता. सासूबाईंना सांगितलेले परत घेताना मला फार वाईट वाटले. त्यानंतर मी एकच नियम ठेवला: ज्ञात माणसापासून मागे जायचे, एका वेळी एकच पिढी, आणि प्रत्येक पायरीला समकालीन कागद.

मिसूरीतील पायरी सोपी गेली. १८५० ची जनगणना ही घरातील प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचे नाव, वय आणि जन्माचे राज्य नोंदवणारी पहिली जनगणना होय; त्यापूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार आकडे असत. स्प्रिंगफील्डच्या ग्रीन काउंटीत (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) कुटुंब सापडले: आईवडील व थोरली तीन मुले टेनेसीत जन्मलेली, धाकटी मिसूरीत. मुलांच्या वयांवरून स्थलांतर १८३७ ते १८४० च्या दरम्यान झाले असावे, असा हिशेब निघाला. भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याच माणसाची चाळीस एकरांची सनद दिसली. सरकारी जमिनीचा दर एकरी सव्वा डॉलर होता आणि १८३२ च्या कायद्याने चाळीस एकरांचा लहान तुकडाही घेता येऊ लागला होता, म्हणजे पन्नास डॉलरमध्ये माणूस जमीनदार होत असे. सनदेवर टाउनशिप आणि सेक्शन या सरकारी मोजणीतील चौरस विभागांचे क्रमांक असल्यामुळे ती जमीन आजच्या नकाशावर अचूक दाखवता येते. या संकेतस्थळाला माझ्याकडून पूर्ण गुण. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की टेनेसी, केंटकी, व्हर्जिनिया या राज्यांनी आपली जमीन स्वतः वाटली, त्यामुळे तिथल्या मूळ वाटपाच्या सनदा संघराज्याच्या या दफ्तरात शोधणे व्यर्थ आहे.

टेनेसीत खरी अडचण सुरू झाली. तेथील १७९० आणि १८०० च्या जनगणना नष्ट झाल्या आहेत, १८१० ची जवळजवळ सर्वच गेली, आणि पूर्व टेनेसीची १८२० चीही उरलेली नाही. आमचे घराणे नेमके पूर्व टेनेसीतील ब्लाउंट काउंटीतले. येथे तिथल्या एका पूर्वजाची पेन्शनची जी फाइल सापडली तिने माझे सगळे श्रम सार्थकी लावले. ७ जून १८३२ च्या कायद्याने क्रांतियुद्धात किमान सहा महिने सेवा केलेल्या वृद्ध सैनिकांना पेन्शन मिळू लागले. बहुतेकांकडे कागद नसल्यामुळे त्यांना न्यायालयात उभे राहून जबानी द्यावी लागे, आणि तिचे प्रश्न ठरलेले असत: जन्म कोठे व कोणत्या वर्षी झाला, वयाची नोंद कोठे आहे, सैन्यात बोलावणे आले तेव्हा कोठे राहत होता, युद्धानंतर कोठे कोठे राहिला, आणि तुमच्याविषयी साक्ष देऊ शकतील असे शेजारी कोण. पेन्शन आणि लष्करी सेवेबद्दल मिळणाऱ्या जमीन-हक्काच्या अशा ऐंशी हजारांहून अधिक फायली राष्ट्रीय अभिलेखागाराने जपल्या आहेत आणि त्या घरबसल्या विनामूल्य वाचता येतात.

सासूबाईंच्या त्या पूर्वजाने सांगितले होते की आपण १७५८ मध्ये व्हर्जिनियाच्या ऑगस्टा काउंटीत जन्मलो, तेथूनच मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यदलात, गेलो, गिलफर्ड कोर्टहाउसच्या लढाईत होतो, युद्धानंतर होल्स्टन नदीच्या खोऱ्यात आलो आणि पुढे ब्लाउंट काउंटीत स्थिरावलो. वय वडिलांच्या बायबलात लिहिलेले होते. ते त्याच युद्धातील किंग्स माउंटनच्या लढाईत लढले असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. जबानीत तिचा उल्लेखही नाही. मी ती सासूबाईंना सावकाश वाचून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवून ‘कोठे कोठे राहिलो’ हा भाग पुन्हा वाचायला सांगितला. माझ्यासाठी मात्र फाइलीतील सर्वांत मोलाची ओळ शेवटची होती, कारण त्या ओळीतील चार शेजाऱ्यांपैकी दोघांची आडनावे मला पुढे ऑगस्टा काउंटीतही भेटली.

ऑगस्टा काउंटी म्हणजे शेनन्डोआ खोऱ्याचा वरचा भाग. विल्यम बेव्हर्ली यांना १७३६ मध्ये तेथे १,१८,४९१ एकरांची जहागीर मिळाली आणि तिचे तुकडे त्यांनी पेनसिल्व्हेनियाकडून ग्रेट वॅगन रोड या गाड्यांच्या वाटेने उतरणाऱ्या अल्स्टरच्या कुटुंबांना विकले. या खरेदीखतांची आणि मृत्युपत्रांची छायाचित्रे फॅमिलीसर्चवर आहेत, आणि २०२४ पासून तेथे हस्तलिखिताच्या संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय सुरू झाली आहे. तिचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच. जुन्या सूचीत केवळ देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असे. आता साक्षीदार, चतुःसीमेतील शेजारी, मृत्युपत्रातील जावई, लिलावात जुना नांगर विकत घेणारा, असा कागदाच्या पोटातला कोणताही माणूस सापडतो. यंत्राने वाचलेला मजकूर मात्र कोठलाही असला तरी मूळ छायाचित्राशी ताडूनच घ्यावा. जुन्या लिपीतील लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, आणि ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावे तीन-चार तऱ्हांनी लिहिली जात.

ऑगस्टा काउंटीत आमच्या पूर्वजाच्या वडिलांच्या नावाचे दोन गृहस्थ एकाच काळात राहत होते, आणि सार्वजनिक वंशवृक्षांनी त्या दोघांचा एकच माणूस करून टाकलेला होता. त्यांना वेगळे करण्यास दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे बायकोचे नाव: जमीन विकताना पत्नीला आपला त्या जमिनीवरील हक्क सोडल्याचे न्यायालयापुढे कबूल करावे लागे, आणि ती नोंद खतासोबत राहते. दुसरी म्हणजे चतुःसीमा. पांढऱ्या ओकच्या झाडापासून ओढ्याच्या काठच्या हिकरीपर्यंत अमुक दिशेने तमुक पोल, अशा भाषेत त्या लिहिलेल्या असतात. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. मी चौकटीच्या कागदावर एकेका खताची आकृती काढून शेजाऱ्यांच्या आकृत्यांशी जुळवत गेले. या कामाला सहा आठवडे लागले, आणि शेवटी एक गृहस्थ मिडल रिव्हरच्या काठी तर दुसरे बरेच दक्षिणेला, असे स्वच्छ दिसू लागले. पेन्शनच्या जबानीतील ती दोन शेजारी आडनावे मिडल रिव्हरच्याच काठची निघाली. म्हणजे होल्स्टनकडे एकटे घराणे निघालेले नव्हते, नदीकाठची वस्तीच्या वस्ती निघाली होती. व्हर्जिनिया राज्य ग्रंथालयाने ऑगस्टाच्या न्यायालयातील वाटणीचे दावेही विनामूल्य उपलब्ध केले आहेत. अशा एका दाव्यात भावंडांची संपूर्ण यादी आणि त्यांपैकी कोण पश्चिमेकडे निघून गेले याची नोंद मिळाली. असा पुरावा मला दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिला नाही.

समुद्रापलीकडची नोंद मिळाली ती अशा ठिकाणी, जेथे मी आपणहून कधीच पाहिले नसते. ऑगस्टा काउंटी १७३८ मध्ये कायद्याने निर्माण झाली, तरी तिचे न्यायालय १७४५ मध्ये सुरू झाले. तोवरचे कागद शेजारच्या ऑरेंज काउंटीत आहेत. स्वखर्चाने वसाहतीत आलेल्या प्रत्येक माणसामागे व्हर्जिनियात पन्नास एकरांचा हक्क मिळे, आणि तो मिळवण्यासाठी १७४० मध्ये ऑरेंजच्या न्यायालयात अनेक अल्स्टरवासीयांनी शपथेवर सांगितले की आपण, आपली पत्नी व मुले आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तेथून या वसाहतीत आलो. त्या नोंदींत आमचे घराणे आहे: पती, पत्नी, चार मुले. जहाजाच्या यादीच्या सर्वांत जवळ जाणारा कागद तो हाच. पेनसिल्व्हेनियात त्यांचा मुक्काम थोडा होता आणि तेथे त्यांनी जमीन घेतल्याचे दिसत नाही, म्हणून त्या राज्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

आयर्लंडकडे वळणाऱ्याने आधी मनाची तयारी करावी. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सार्वजनिक अभिलेख कार्यालय जळाले आणि जनगणना, शतकांची मृत्युपत्रे व चर्चच्या नोंदी गेल्या. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) नोंदवह्या तेथे नव्हत्या, पण १८०० पूर्वीच्या फारच थोड्या उरल्या आहेत. बेलफास्टच्या कार्यालयातील १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी आणि १७९६ ची ताग उत्पादकांची यादी मी गावागणिक पाहिली. आमचे लोक १७४० पूर्वीच निघाले होते. तरी आडनाव कोठे दाट आहे, हे या याद्या दाखवतात. येथे डीएनए चाचणीची मदत झाली, पण जाहिरातींत दिसणाऱ्या वंशाच्या टक्केवारीची नव्हे. वाय गुणसूत्राची चाचणी वडिलांकडून मुलाकडे जाणारी रेघ दाखवते, म्हणून ती सासूबाईंच्या धाकट्या भावाची करून घेतली, आणि ज्यांचे घराणे आजही अँट्रिम काउंटीच्या उत्तर भागात आहे अशा एका गृहस्थांशी तो नमुना जवळून जुळला. पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीचा गावविभाग, अजून ठरलेला नाही.

मी वर्गणी सहा महिन्यांनी बंद केली आणि त्यानंतर माझे काहीच अडले नाही; नवख्याने ती घ्यायचीच असेल तर एका महिन्याची घ्यावी, जनगणनेच्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि थांबावे. चाचणीचा खर्च आधी नको; कागदाने अठरावे शतक गाठल्यावरच तिचा निकाल वाचता येतो. मी आता उत्तर अँट्रिममधील मंडळ्यांच्या उरलेल्या नोंदवह्यांकडे वळले आहे, आणि त्यांत आमचे आडनाव जितके शोधते तितकीच मिडल रिव्हरकाठच्या त्या दोन शेजाऱ्यांचीही.