आडनावाचा माग काढून देणारे तिघे: नकाशावाली कंपनी, मोडीवाले सर आणि हेळवी

आधी निकाल सांगते, मग तपशील. कंपनीला दिलेले पैसे बुडाले. मोडीवाल्या सरांना दिलेले वसूल झाले. घराण्यांच्या वंशावळी चोपडीत लिहून ठेवणाऱ्या हेळव्याला जे दिलं ते खर्चात धरायचं की देणगीत, हे अजून ठरत नाही. माझी सगळी नोकरी विट्यात पतसंस्थेचं लेजर जुळवण्यात गेली, त्यामुळे बेरीज लागली नाही की मला चैन पडत नाही. हे वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

शोध घ्यायचा होता माझ्या माहेरच्या आडनावाचा. ते इथं लिहिणार नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या आडनावाची एकच आळी आहे. लिहिलं तर उद्या विट्याच्या स्टँडवर कुणीतरी गाठून म्हणेल, "आक्का, लई धुतलंस की कंपनीला." एवढं सांगते की धान्य मोजायची जुनी मापं असायची, निठवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली, त्यातलं एक माप आमच्या आडनावात आहे. कुठलं ते तुम्ही ओळखत बसा. सासरचं आडनाव पाटील, त्याचा माग काढायला गेलं तर निम्मा महाराष्ट्र निघेल, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

कंपनी मोबाईलवर सापडली. "आपल्या आडनावाचा उगम आणि प्रसार", किंमत ३,५०० रुपये, नकाशा, अहवाल आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. फ्रेममध्ये ढाल, ढालीवर सिंह, खाली आमचं आडनाव. मापावरून आडनाव पडलेल्या घराण्याला सिंह कुठून मिळाला हे त्यांनाच ठाऊक. फ्रेम दादानं कोइमतूरच्या दुकानात नेऊन लावली, गिऱ्हाइकांवर छाप पडते म्हणतो.

नकाशावर सगळ्यात गडद रंग तमिळनाडूला. खालोखाल केरळ. पंजाबात ठिपके, बडोद्याजवळ एक ठिपका. सांगली जिल्हा फिक्का पिवळा. आणि अहवालात निष्कर्ष काय, तर आडनावाचा उगम दक्षिण भारतात असण्याची दाट शक्यता. विटा, आटपाडी, तासगाव भागातल्या कुणालाही हा नकाशा दाखवा, हातातला चहा संपायच्या आत तो सांगेल की हे सगळे गलाईवाले आहेत.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. जुने दागिने, सराफाच्या दुकानातला झाडून गोळा केलेला कचरा, सगळं भट्टीत जातं. आमचा पट्टा दुष्काळी. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं ते अलीकडं. त्याआधी शेतीच्या भरवशावर पोरीचं लग्न ठरायचं नाही. मग पोरं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ कट्ट्यांवर जाऊन बसली. माझा दादा कोइमतूरला, एक चुलत भाऊ त्रिशूरला, दुसरा अमृतसरला. एकानं भट्टी टाकली की तो भावकीतली पोरं कामाला नेतो, पुढं ती पोरं आपापली दुकानं टाकतात. चव्हाण किंवा जाधव कितीही बाहेर गेले तरी गावात चव्हाण-जाधव उरतातच. आमच्यासारख्या मूठभर आडनावात दोन-चार घरं उठून गेली की नकाशाचा रंगच पालटतो. कंपनीनं दाखवलं ते आम्ही गेलो कुठं. मी पैसे मोजले होते ते आलो कुठून यासाठी.

त्यात आणखी घोळ. त्यांचा सगळा शोध इंग्रजी स्पेलिंगवर चालतो. ट आणि त एक, ण आणि न एक, ळ आणि ल एक. म्हणजे काळे आणि काले एका पोत्यात. आमच्या आडनावासारखंच स्पेलिंग असलेले दुसरे कुणीतरी, ज्यांचा आमचा काडीचा संबंध नाही, तेही आमच्यात धरलेले. हे फोन करून सांगितलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, डेटा तसंच सांगतोय." पैसे परत मिळाले नाहीत. बडोद्याचा तो एक ठिपका तेवढा पुढं कामाला आला, म्हणून अगदीच शून्य देत नाही.

आता मोडीवाले सर. निवृत्त शिक्षक, सांगलीत गावभागात राहतात. २०१९ च्या पुरानंतर त्यांनी सगळं दप्तर माळ्यावर चढवलंय, त्यामुळे जाताना लोखंडी जिना चढायची तयारी ठेवा. पानाला ४०० रुपये घेतात. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली त्या २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांचे भाव चढलेत, त्या मानानं हा दर सरळ आहे. पण ते स्वतःच्या चालीनं चालतात. पान दिलं की महिनाभर विसरायचं. शिवाय जातीच्या दाखल्याच्या कामाला जे प्रमाणित लिप्यंतर लागतं ते ते देत नाहीत. तुमचं काम तसलं असेल तर आधी विचारून घ्या.

मी नेला होता तो नानांच्या ट्रंकेतल्या रुमालात बांधलेला एक कागद. सरांनी तो खिडकीशी धरला आणि पहिल्यांदा मला वाचायला नाही, बघायला शिकवलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात. शब्दांत जागा सोडत नाहीत, हात शक्यतो उचलत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. त्यामुळे नाव वाचताना नुसत्या डोळ्यांवर भागत नाही, त्या गावात कोणती नावं चालायची हे माहीत असावं लागतं. सालही सरळ नव्हतं. "अर्बा तिसैन मया व अलफ" असं काहीतरी. सरांनी बोटांवर मोजलं: चार, नव्वद, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११९४. हे साल मृगाला बदलतं, म्हणून इसवी सन १७९३-९४.

कागद निघाला महजर, म्हणजे गावानं बसून दिलेल्या निवाड्याचा. भांडण काय, तर बेंदराला कुणाचा बैल आधी. दोन पाटील भाऊ, एक वेस आणि दोन बैल. (आमच्या गावात हे भांडण अजून मिटलेलं नाही, फक्त आता बैलांऐवजी डीजे असतात.) शेवटी साक्षीदारांची नावं आणि नावापुढं ज्याची त्याची निशाणी. सही येत नसली की माणूस आपल्या कामाचं हत्यार काढायचा. पाटलांच्या नावापुढं नांगर. आणि खालून तिसऱ्या ओळीत सरांचं बोट थांबलं. "हिरोजी बिन मालजी कदम", आणि पुढं नांगर नाही, तराजू नाही, तर एक छोटं उभं भांडं, वरून उघडं, पोटावर दोन आडव्या रेघा. माप. गावाचं धान्य मोजून द्यायचं काम त्या माणसाकडं असणार. आडनाव कदम, निशाणी माप. तेच माप पुढं आडनाव होऊन बसलं.

मी आपली कागदभर आमचं आडनाव शोधत होते. सर म्हणाले, "आडनाव शोधू नका, माणूस शोधा. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, ती साखळी धरा. आडनावं बदलतात." मग त्यांनी मोठ्यांची उदाहरणं दिली. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरच्या पाटीलकीवरून डफळे झाले. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर. आंग्रे मूळचे संकपाळ, आंगरवाडीचे. औंधचे पंतप्रतिनिधी तर किन्हईचे कुलकर्णी, पद मिळालं आणि तेच आडनाव झालं. संस्थानिकांची ही गत, तर आमच्या मापाचं काय घेऊन बसलात.

सरांनीच सांगितलं की आता शाळेत जा. प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा, एका मुलाचा नाही, सगळ्या भावकीचा. आडनाव पक्कं कुठं झालं ते तिथं दिसतं. घरात आणि गावात नुसत्या नावावर भागत होतं, मास्तरला मात्र रकाना भरायचा होता. मी उतारे काढले आणि सगळी उलगड तिथं झाली. माझ्या आजोबांपुढं मापाचं आडनाव. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावापुढं "कदम". एकच घर, एकच शाळा, दोन आडनावं. आत्याला विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, पोरं चिडवायची त्यास्नी. रडत घरी आले तवा आज्यानं मास्तरला सांगितलं, ह्याचं कदमच घाला." म्हणजे आमचं आडनाव दुर्मीळ का, तर निम्म्या भावकीनं ते टाकून दिलं. आज गावात जे कदम म्हणून राहतात त्यांतले कितीतरी आमचेच. त्यांना आम्ही सुतकात धरतो आणि लग्नात आहेर घेतो, पण आडनाव वेगळं का हे कुणी विचारलंच नव्हतं. असलं काही नकाशात कसं दिसावं?

एक सूचना, कारण यात माझे बरेच हेलपाटे झाले. सांगली जिल्ह्यातलं जुनं काही शोधत असाल तर अर्जावर नुसतं "जि. सांगली" लिहू नका. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि त्याचं सांगली हे नाव १९६० साली पडलं. १९४९ च्या आधीचं खानापूर तालुक्याचं सगळं सातारा जिल्ह्याच्या नावानं आहे. कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी वही, मागताना तर हे तोंडीही सांगा. नाहीतर खिडकीवरचा माणूस खरंच शोधतो आणि खरंच सापडत नाही म्हणतो.

राहिला हेळवी. आमच्याकडं सुगी झाली की येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता टेम्पोनं. प्रत्येक हेळव्याची गावं वाटून घेतलेली असतात, शेजारच्या गावाची चोपडी त्याच्याकडं मागून उपयोग नाही. आमचा आला तो दारात बसला, आधी देवाचं म्हटलं, मग कानडी हेल काढत वाचायला लागला: मूळ कुळी कदम, देवक कळंब, कुलस्वामी खरसुंडीचा सिद्धनाथ. मी अजून महजराचा शब्दही काढला नव्हता. कळंबाचं देवक इतरांचंही असतं, त्यावरून एकट्यावर काही ठरत नाही. पण सरांच्या कागदात कदम आणि याच्या चोपडीतही कदम, दोन वेगळ्या खात्यांत एकच रक्कम निघावी तसं झालं. पिढ्यांची बेरीज मात्र जुळली नाही. मालजी आणि हिरोजी दोघेही चोपडीत आहेत, पण मध्ये एक पिढी जास्त. मी विचारलं तर म्हणाला, "आक्का, कागद चुकंल, चोपडी चुकत नाही." मी कागदावरच विश्वास ठेवते, चोपडी पुन्हा पुन्हा उतरवून काढलेली असते.

चोपडीत एक ओळ होती: मालजीचा दुसरा लेक गायकवाडांच्या फौजेबरोबर गेला, माघारी आला नाही. तेव्हा मला कंपनीचा तो बडोद्याचा ठिपका आठवला. त्या घरचा नंबर दादानं गलाईवाल्यांच्या ओळखीतून काढला. मराठी मोडकंतोडकं, पण लग्नात देवक कशाचं असतं विचारलं तर म्हणाले, कळंबाचं. पुढं त्यांनी उलट विचारलं, या आडनावाचा अर्थ काय हो? त्यांच्या घरी तो कुणालाच माहीत नव्हता. मी माप सांगितलं, किती शेराचं ते नाही सांगितलं.

हेळव्यावर राग एकाच गोष्टीचा. बायकांची नावं नाहीत. सून असेल तर "सोयरीक अमक्या गावची", लेक असेल तर तेही नाही. मी म्हटलं, शोध मी लावला, माझं नाव घाला. तो म्हणाला, लेकीचं नाव सासरच्या चोपडीत. तिथं तरी असतं का? तर नाही, तिथं सोयरीक. बरीच हुज्जत झाली. शेवटी माझं आणि दादाच्या दोन्ही मुलींचं नाव घालायला तयार झाला, त्याचे वेगळे ५०० रुपये आणि पायलीभर ज्वारी. माझ्यासमोर लिहून घेतलं, शाई वाळेपर्यंत उठू दिलं नाही.

तुमच्याकडं येत असेल तर चोपडीचा फोटो काढू देत नाही, पण वाचताना मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करू देतो. एकदा सलग म्हणू द्या. मध्ये थांबवलं तर पुन्हा देवापासून सुरू करतो. ज्वारी शाळूच द्या, हायब्रीड परत करतो.