शिरेल्स की रॉनेट्स? पहिलं गाणं कोणतं लावाल

साठच्या दशकातली अमेरिकन गर्ल-ग्रुपची गाणी ऐकायला घ्यायची, तर सुरुवात कुठून करावी? मला कुणी विचारलं की मी दोनच गाणी पुढे ठेवतो: शिरेल्सचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ (१९६०) आणि रॉनेट्सचं ‘बी माय बेबी’ (१९६३).

मान शिरेल्सचा मोठा. न्यू जर्सीच्या या चार मुलींचं गाणं जानेवारी १९६१मध्ये ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकन गाण्यांच्या क्रमवारीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय मुलींच्या ग्रुपला तोवर ती जागा मिळालेली नव्हती. रॉनेट्स दुसऱ्या क्रमांकावरच थांबल्या. शब्दांतही शिरेल्सच सरस: आज जवळ घेतोयस, उद्या प्रेम राहील ना, असं एक मुलगी सरळ विचारते. शब्द जेरी गॉफिनचे, चाल कॅरोल किंगची. ती तेव्हा जेमतेम अठराची. मुख्य गायिका शर्ली ओवेन्सला गाणं आधी फार ‘कंट्री’ वाटलं होतं, व्हायोलिनं चढली तेव्हा कुठे पटलं.

तरी माझं मत रॉनेट्सला. १९७१मध्ये किंगने शिरेल्सचंच गाणं संथ लयीत स्वतः गायलं, आणि तेही तितकंच भिडतं. म्हणजे ते गाणं कुठेही जगतं. ‘बी माय बेबी’मधून लॉस एंजेलिसचा गोल्ड स्टार स्टुडिओ काढून घ्या, हाती एक गोड चाल उरेल, बस. मोठी आहे ती त्याची रेकॉर्ड.

सुरुवातच ऐका. हॅल ब्लेनचा ड्रम एकटा: धम्, ध-धम्, ठाक्! तो ‘ठाक्’ फक्त चौथ्या मात्रेवर. ब्लेन सांगायचा की ठोका त्याच्याकडून चुकला, मग तीच चूक त्याने पुढे चालू ठेवली. त्यावर अनेक गिटार, अनेक पियानो, सगळे एकाच खोलीत दाटीवाटीने. तो गलका सिमेंटच्या बंद खोलीत सोडायचा आणि तिथल्या माइकने घुमलेला परत उचलायचा. कोणतं वाद्य कुठे संपतं, कळत नाही, आवाजाची एक भिंतच उभी राहते. त्या भिंतीतून मुख्य गायिका रॉनीचा कापरा आवाज थेट आपल्याकडे येतो. गंमत म्हणजे बाकीच्या दोन रॉनेट्स रेकॉर्डवर नाहीतच. कोरसमध्ये तेव्हा अनोळखी असलेली, पुढे गाजलेली गायिका शेर आहे.

या रेकॉर्डचा निर्माता फिल स्पेक्टर २००९मध्ये खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, आणि त्याची पत्नी म्हणून सोसलेला छळ रॉनीने स्वतः लिहून ठेवलाय. तेवढ्यासाठी कुणी शिरेल्स निवडल्या, तर मी वाद घालणार नाही.

आणि तिसरा गर्ल-ग्रुप, सुप्रीम्स? त्यांची १९६४-६५मध्ये लागोपाठ पाच गाणी पहिली आली. त्यांना एका गाण्यात बसवू नका, ओळीने ऐका.

‘बी माय बेबी’ ठरलं, तर मोनो आवृत्तीच शोधा, सगळा आवाज एकत्र येणारी. स्टिरिओत वाद्यं डावी-उजवीकडे पांगतात आणि भिंतीच्या विटा दिसायला लागतात.