आठ महिने स्पिंडल सँडर वापरल्यावर: महिरपीचं घासकाम आणि स्लीव्हचं गणित

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर नोव्हेंबरमध्ये ऑसिलेटिंग स्पिंडल सँडर घेतलं, म्हणजे टेबलातून वर आलेल्या उभ्या फिरत्या ड्रमवर पेपर चढवून आतल्या गोलाया घासायचं मशीन. आता आठ महिने झाले. घ्यायच्या आधी मी महिनाभर शोधत होतो पण मराठीत कोणी वापरून लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मशीनचं नाव देत नाही कारण पुढे एक तक्रार येणार आहे, आणि तसंही या प्रकारची बरीच मशीन साधारण सारख्याच मापाची असतात. माझं 450 वॉटचं आहे, 2000 आरपीएम, 13 पासून 76 मिलिमीटरपर्यंत सहा ड्रम, वर बिडाचं टेबल.

माझं काम काय ते आधी सांगतो म्हणजे तुम्हाला तुमचं ताडून बघता येईल. राहायला नाशिकमध्ये इंदिरानगरला, नोकरी अंबडला, आणि शनिवार रविवार घरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत लाकूडकाम. पाट, चौरंग, पोळपाट करतो पण खरा जीव देव्हाऱ्यात आहे. सागवान द्वारकेकडच्या एका वखारीतून आणतो. आता देव्हारा म्हटलं की महिरप आलीच, आणि महिरपीच्या पाकळ्या सगळ्या आतल्या गोलाईच्या. जिगसॉने कितीही सांभाळून कापलं तरी पात्याच्या रेघा राहतातच, त्या घासायला पूर्वी मी गोल दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून बसायचो, एका महिरपीला अख्खी संध्याकाळ जायची आणि तरी पाकळीची कड कुठेतरी गोल व्हायचीच. राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरायच्या हत्याराने करून बघितलं, पण गोलाई वळते तिथे लाकडाचे रेषे आडवे येतात आणि पाकळीचं टोक उडतं. दोन महिरपी अशा गेल्या, तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण लाकूड जुन्या वाड्यातलं होतं आणि तसं परत मिळत नाही.

मग ड्रिल प्रेसमध्ये, म्हणजे स्टँडवरच्या उभ्या ड्रिलमध्ये, सँडिंग ड्रम लावला. इथे बरेच जण म्हणतील की तेवढ्यात भागतं, मग वेगळं मशीन कशाला. भागतं, पण दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ड्रिल प्रेसचं बेअरिंग वरून खाली दाब घ्यायला केलेलं असतं, तुम्ही बाजूने रेटत राहिलात की ते ढिलं होतं आणि निमुळत्या दांड्यावर (टेपरवर) बसलेला चक, म्हणजे ड्रिलचं पातं धरणारा जबडा, कधीकधी सुटून खाली येतो. माझा एकदा आला. दुसरं म्हणजे ड्रम नुसता जागेवर फिरतो, पेपरचा तोच दाणा त्याच रेघेवर घासत राहतो, उष्णता धरते, सागावर काळपट डाग पडतात आणि आडव्या रेघा उमटतात ज्या पॉलिश मारल्यावरच दिसतात. ऑसिलेटिंगमध्ये ड्रम फिरता फिरता वरखाली पण होतो, माझ्या मशीनमध्ये 16 मिलिमीटर, मिनिटाला 58 वेळा. ऐकायला छोटी गोष्ट वाटते पण सगळा फरक तिथेच आहे, एका रेघेवर दाणा थांबतच नाही. 80 नंबरच्या पेपरने घासून 120 वर आलं (नंबर वाढला की दाणा बारीक) की पुढे हाताने 180 चे चार हात मारले, झालं. डाग पडणं जवळजवळ बंद झालं.

निवडताना मी सगळ्यात आधी रिजिड नावाच्या अमेरिकी कंपनीचं बेल्ट आणि स्पिंडल एकत्र असलेलं मशीन बघितलं होतं, अमेरिकेतले लोक त्याचं फार कौतुक करतात. पण ते 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवरचं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ नाही उतरत ना, आपल्याकडे 50 आहे, आणि इंडक्शन मोटर 50 वर चालवली की वेग साधारण सहाव्या हिश्शाने कमी होतो आणि मोटर गरम पण जास्त होते. शिवाय ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा. म्हणून 230 व्होल्टवालंच घ्यायचं ठरवलं आणि त्याचं वाईट वाटत नाही.

आता वॉट, आरपीएम हे सगळे बघतात, मी पण तेच बघत बसलो होतो, पण आठ महिन्यांनी सांगतो की सगळ्यात आधी स्लीव्ह बघा. स्लीव्ह म्हणजे ड्रमवर चढते ती पेपरची नळी. माझी 115 मिलिमीटर उंचीची आहे, साडेचार इंच, हे माप बऱ्याच मशीनला चालतं म्हणून ऑनलाइन मिळून जातं. नाशिकमध्ये मी रविवार कारंजा, मेन रोड, सातपूर सगळीकडे फिरलो, पॉलिश पेपर आणि एमरी रोल हवा तेवढा, स्लीव्ह कोणाकडेच नाही. एका दुकानातल्या काकांनी तर आधी हे काय असतं ते समजून घेतलं, मग म्हणाले, "भाऊ, डझनभर एकदम मागवून ठेव, एकेक मागवशील तर काम अडेल." तेच केलं आणि तेच बरोबर होतं. वेगळ्याच मापाची स्लीव्ह लागणारं मशीन स्वस्तात मिळत असेल तरी घेऊ नका, सहा महिन्यांनी ते कोपऱ्यात पडणार.

स्लीव्ह वाचवायचं गणित मला तिसऱ्या महिन्यात कळलं. महिरपीची फळी 18 मिलिमीटरची, ड्रमची वरखाली 16, म्हणजे स्लीव्हचा खालचा 34 मिलिमीटरचा पट्टाच झिजतो आणि वरचा 80 मिलिमीटर कोरा राहतो. मी आधी स्लीव्ह उलटी करून चढवत होतो, पण उलटी केली की तिची फिरायची दिशा पण उलटी होते, आणि जोडावर कड चढवलेली असेल, आतल्या बाजूला फिरायच्या दिशेचा बाण छापलेला असेल, तर तो जोड उचकटतो. एक स्लीव्ह अशी फाटून हातातल्या तुकड्याला झटका बसला. तेव्हापासून उलटी करणं बंद. त्याऐवजी 18 च्या प्लायचे दोन तुकडे चिकटवून 36 मिलिमीटरचं वरचं टेबल केलं, मधे ड्रमपुरतं भोक, मूळ टेबलाला क्लॅम्प करायचं. खालचा पट्टा झिजला की हे चढवायचं, मग असंच दुप्पट उंचीचं अजून एक. एका स्लीव्हमधून तीन स्लीव्हचं काम निघतं. जाम झालेली स्लीव्ह साफ करायला क्रेप रबर लागतं, जुन्या क्रेप सोलच्या चपलेचा तुकडा चालत्या ड्रमला लावा, सागाचं चिकट पीठ भराभरा निघतं.

दुसरं, जाड ड्रम आणि बारीक ड्रम यांना एकच आरपीएम असला तरी पेपरचा वेग एक नसतो. 76 चा ड्रम 2000 आरपीएमला मिनिटाला साधारण 477 मीटर पेपर फिरवतो, 13 चा फक्त 82. जवळजवळ सहापट फरक. म्हणून बारीक ड्रमला लाकूड दाबून काही होत नाही, उलट पेपर भरतो आणि दांडा वाकल्यासारखा होतो. गोलाईत मावेल तो सगळ्यात जाड ड्रम लावायचा, बारीक फक्त पाकळ्यांच्या खाचेपुरता. बारीक ड्रमला त्याच्याभोवती टेबलात बसणारी रिंग पण बारीक भोकाची लावा, नाहीतर पाकळीचं टोक खाली अडकतं. आणि लाकूड सरकवायचं ते ड्रमच्या फिरण्याच्या उलट, सोबत सरकवलं तर हातातून खेचून नेतं.

मशीन आल्या दिवशी गुण्या लावून ड्रम टेबलाला काटकोनात आहे का बघा. माझा नव्हता. फार नाही, पण 18 च्या फळीत वरची आणि खालची कड वेगळी दिसत होती. टेबलाच्या एका बाजूच्या बोल्टखाली पत्र्याचा तुकडा घातला आणि जागेवर आला.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात वरखाली होणं अडखळायला लागलं, ड्रम फिरतोय पण मधेच टकटक आवाज. कंपनीला कळवलं, तीन आठवडे नुसते मेल. शेवटी सातपूरच्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे नेलं, त्यांनी माझ्यासमोर उघडलं, आत यंत्रणेवर सागाच्या पिठाचा ग्रीस मिसळून लगदा झाला होता. साफ करून नवीन ग्रीस भरलं, तेव्हापासून व्यवस्थित आहे. पण इतक्या पैशांचं मशीन घेणाऱ्याला साधा कोणता ग्रीस वापरायचा हे पण कोणी सांगू नये, याचा राग आला आणि अजून आहे.

यावरून भुशाचं सांगतो. मागच्या पोर्टला व्हॅक्यूम जोडल्याशिवाय हे मशीन चालूच करू नका. पोर्ट 38 मिलिमीटरचा, माझ्या व्हॅक्यूमचा पाइप वेगळा, तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लिप लावून बसवला. खालून बरंच ओढलं जातं, वरचं बारीक पीठ उडतंच. म्हणून एन-95 मास्क लावायचाच. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते हे आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, 1995 मध्येच पहिल्या गटात (नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या) टाकून सांगितलंय. सागाच्या धुळीने काहींना खाज पण येते, माझ्या मनगटावर यायची, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागल्यापासून थांबली.

पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज येतो. मेणबत्ती घासून फडक्याने पसरवा, सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश तिथे धरत नाही. स्लीव्ह झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, स्लीव्ह ओलसर झाल्या की त्यांचे जोड सुटतात.

कोणी घेऊ नये ते पण सांगतो. सरळ कडा करायच्या असतील तर हे मशीन नाही, लाटा येतात, तिथे रंधाच. पोळपाटाची बाहेरची गोलाई डिस्क सँडरवर जास्त चांगली होते. वर्षाला एखादीच गोलाई असेल तर दांडी आणि पॉलिश पेपर पुरे. पण महिरप, खुर्चीचे हात, लाकडी खेळणी असं नेमाने करत असाल तर घ्या. मला पूर्वी एका महिरपीला संध्याकाळ लागायची, आता चाळीस मिनिटं लागतात, आणि पाकळीची कड जशी कागदावर काढली तशीच राहते. सध्या मावशीच्या देव्हाऱ्याची नऊ पाकळ्यांची महिरप टेबलावर आहे, गणपतीच्या आधी द्यायचीय, सात पाकळ्या झाल्या.