फ्रेंच, जर्मन की जपानी?

शाळेच्या फॉर्मवर या तीन परदेशी भाषांपैकी एकीपुढेच खूण करायची असते आणि घरात पहिला प्रश्न येतो, "यातली सोपी कुठली?" सोपी कुठलीच नाही. प्रत्येकीचा घाट वेगळ्या ठिकाणी लागतो, इतकंच.

फ्रेंचचा घाट कानाशी आहे. शेवटची अक्षरं लिहायची, पण बरेचदा उच्चारायची नाहीत. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' लिहिताना वेगळे, ऐकायला दोन्ही 'इल पार्ल'. त्यामुळे श्रुतलेखनात भले भले आपटतात. आकडे तर गंमतच: ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. विसा मोजणाऱ्या आज्जीला हे लगेच कळलं असतं.

जर्मन पुष्कळशी लिहिल्यासारखी वाचता येते, पण व्याकरण पहिल्याच वर्षी अंगावर येतं. तीन लिंगं, चार विभक्ती. इथे मराठी मुलाने बिचकायचं कारण नाही. तो-ती-ते आणि विभक्ती त्याच्या तोंडात आधीच आहेत. मात्र लिंगं जुळतील या भरवशावर राहू नये. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, तीही नपुंसकलिंगी, कारण '-शेन' हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगीच होतं. आपण 'पोरगं' म्हणतो, तसंच काहीसं. शब्द पाठ करताना त्याचं लिंग दाखवणारं 'डेर, डी, डास' सोबतच पाठ करावं. नंतर चिकटवायला गेलं की चिकटत नाही.

जपानी सुरुवातीला फसवते. मराठीसारखंच क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रत्यय नामानंतर: 'वाताशी नो होन', मी-चं-पुस्तक. लिंगभेद नाही. पहिल्या वर्षी पालक खूश. मग कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेल्या शब्दखुणा, सुरू होतात. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, ती महिन्या-दोन महिन्यांत येतात. पण नित्य वापराच्या कांजी २,१३६ आहेत, आणि बहुतेकींचे उच्चार एकाहून अधिक. डोंगराची खूण कुठे 'यामा', कुठे 'सान'. अमेरिकी परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना जपानीसाठी ८८ आठवडे देतं, फ्रेंच-जर्मनच्या दुपटीहून जास्त.

परीक्षांमधला एक फरक सहसा कुणी सांगत नाही. फ्रेंचची डेल्फ आणि जर्मनची गोएथे परीक्षा वाचन, श्रवण, लेखन, संभाषण चारही तपासतात. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत, सगळ्यात सोप्या एन५ पातळीपासून सगळ्यात अवघड एन१ पर्यंत, बोलण्याची परीक्षाच नाही, लेखनाचीही नाही. प्रत्येक उत्तर दिलेल्या पर्यायांतून निवडायचं. प्रमाणपत्र हातात आणि तोंडातून शब्द फुटत नाही, असं सहज होऊ शकतं.

शाळेत दोनच वर्षं भाषा असेल, तर मी फ्रेंच घेईन. इंग्रजीत फ्रेंचमधून आलेले शब्द ढिगाने आहेत, त्यामुळे वाचन लवकर सुटतं. चार-पाच वर्षं मिळणार असतील तर जर्मन. सुरुवातीचा त्रास मग वसूल होतो. जपानी फक्त स्वतःहून रोज गिरवत बसणाऱ्या मुलासाठी. मागे लागून कांजी होत नाहीत.

आणि खूण करण्याआधी शाळेत एक विचारून घ्या: वर्गात मुलांना बोलायला लावतात, की नुसते तक्ते भरून घेतात?