गुडघा कटकटतोय म्हणून नी-कॅप घेताय? आधी हे बघा

जिम किंवा तालीम सुरू केली की थोड्याच आठवड्यांत गुडघ्यातून कट्ट आवाज यायला लागतो आणि गडी थेट खेळाच्या साहित्याच्या दुकानात जाऊन नी-कॅप मागतो. कोल्हापुरातल्या दुकानांत अशा वेळी सहसा तीन वस्तू पुढे येतात: विणलेली इलॅस्टिकची नी-कॅप, निओप्रिनची (जाड रबरी कापडाची) स्लीव्ह आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला हिंज ब्रेस. तिन्ही ‘सपोर्ट’ म्हणूनच विकल्या जातात. पण गुडघा निसटल्यासारखा वाटत असेल, तर पहिल्या दोन्हींनी तो धरून ठेवला जात नाही.

इलॅस्टिकची कॅप स्वस्त, पँटच्या आत मावते, रंकाळा तलावावर फिरायला चालेल. बैठकांना तिचा उपयोग नाही. वरची कड गुंडाळून खाली येते, गुडघ्यामागे वळ उठतात, आणि रोज वापरली की लवकरच सैल पडते.

स्लीव्हचं तसं नाही, पैसे घालायचे तर इथं घालावेत. ती 3, 5 आणि 7 मिलिमीटर जाडीत येते. रोजच्या व्यायामाला 5 पुरे. 7 ची जड स्क्वॉट मारणाऱ्यांसाठी. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही त्याहून जाड चालत नाही. स्लीव्हनं सांधा उबदार राहतो, सगळीकडून सारखा दाब बसतो आणि गुडघा नेमका कुठं आहे हे अंगाला नीट कळतं. त्यामुळं दुखणं कमी वाटतं, भरवसा येतो. हाडं एकमेकांना बांधणारा अस्थिबंध (लिगामेंट) सैल असेल तर तो मात्र सैलच राहतो.

माप नजरेनं घेऊ नका. उभं राहून, गुडघा किंचित वाकवून, वाटीच्या मधोमध टेप फिरवा. काही कंपन्या वाटीच्या 10 सेंटीमीटर वरचं माप धरतात, म्हणून पाकिटावरचा तक्ता बघा. दुकानातच घालून दहा बैठका मारा. पोटरीला मुंग्या आल्या तर एक नंबर मोठी घ्या. बैठकीगणिक खाली सरकली तर लहान. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओली चढवली की पुरळ ठरलेलं. गार पाण्यात धुवा, पिळू नका, उलटी करून सावलीत टांगा.

आता आवाजाचं. बोट मोडल्यासारखा एकदाच वाजला आणि मग वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही, तर तो सांध्यातल्या द्रवात झालेल्या वायूच्या पोकळीचा आवाज. दुखत नसेल तर सोडून द्या. प्रत्येक बैठकीला त्याच कोनात वाजतो, तर बहुधा स्नायू हाडाला जोडणारा एखादा स्नायूबंध (टेंडन) हाडावरून सरकतो किंवा वाटीची आतली बाजू घासते. आपल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघा पंजाच्या बराच पुढं जातो, वाटीवर जास्त भार येतो. तालमीतला जुना गडी शेकड्यानं मारतो म्हणून नव्यानं पहिल्याच आठवड्यात शंभरी गाठायची हौस करू नये. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, स्नायूबंधांना महिने लागतात. अर्ध्या खोलीपर्यंतच्या 15 बैठका, अशा तीन फेऱ्या, एक दिवस आड, इथून सुरुवात करावी.

हिंज ब्रेस हौसेनं घ्यायची वस्तू नव्हे. त्याची बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत बसली पाहिजे. घामानं दोन बोटं खाली घसरला की नको तिथं दाबतो. गुडघा मधेच अडकतो, जिना उतरताना दगा देतो किंवा कट्ट झाल्यावर त्याच दिवशी सुजला, तर दुकानात नाही, सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात किंवा आपल्या हाडांच्या डॉक्टरांकडं जावं. ब्रेस लागेल की नाही हे ते ठरवतील. जोर मारताना खांदा वाजत असेल, आणि हात वर करून मागं नेला की निखळेल अशी धास्ती वाटत असेल, तर त्यालाही हाच रस्ता. खांद्याचे पट्टे त्यावर इलाज नाहीत.

गिऱ्हाईक फारसं मागत नाही अशी एक वस्तू त्याच दुकानात असते: रबरी लूप बँड. नव्या माणसाचा गुडघा बैठकीत आत झुकतो, त्यामागं बऱ्याचदा खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असतात. बँड गुडघ्यांच्या जरा वर चढवून, किंचित वाकून, आडवं दहा पावलं उजवीकडं, दहा डावीकडं. अशा तीन फेऱ्या. खांद्यासाठी लांब बँड खिडकीच्या गजाला बांधा, कोपर काटकोनात, काखेत टॉवेलची गुंडाळी, आणि हात सावकाश बाहेरच्या बाजूला ओढा. 12 ते 15 वेळा. गुंडाळी खाली पडली, तर कोपर अंगापासून सुटतोय. पहिल्यांदा हलकाच बँड घ्या, आणि विकत घेताना ताणून उजेडासमोर धरा. कडेला बारीक चिरा दिसल्या तर तो माल जुना, दुसरा मागा.