बदली टँक युनिट, काही महिन्यांनंतर: पेट्रोलचा काटा आता किती खरं सांगतो

कार्ब्युरेटरच्या, 12 लिटर टाकीच्या मोटरसायकलवर मूळ टँक युनिट (टाकीतल्या फ्लोटच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्याच्या, उंचीप्रमाणे विजेचा विरोध बदलून काट्याला पेट्रोलची पातळी कळवणारा भाग) काढून त्या जागी बसवलेल्या बाजारातल्या सर्वसाधारण युनिटबद्दल हे लिहितो आहे. निकाल आधीच सांगतो. काट्याच्या उड्या थांबल्या. रिझर्व्हच्या आसपास तो भरवशाचा आहे. मात्र अर्ध्या टाकीला तो साधारण दीड लिटर कमी दाखवतो, आणि त्याचं कारण युनिटमधला दोष नसून ओहमचा, म्हणजे विजेच्या विरोधाचा, हिशोब आहे. तो हिशोब पुढे येईलच.

पण काटा बिघडला म्हणून लगेच युनिट विकत घेऊ नका. तक्रार काट्याची असली तरी दोष तीन ठिकाणी असू शकतो: मीटर, मधली वायरिंग, किंवा टाकीतलं युनिट. यांतलं वायरिंग तपासायला सर्वात सोपं, आणि तेच सगळ्यात शेवटी बघितलं जातं.

सुरुवात मीटरपासून करा. टाकीखालून येणारा युनिटचा कपलर (वायरींची जोडणी) सोडा, टाकीचं झाकण बंद ठेवा आणि इग्निशन ऑन करा. ज्या मीटरला भरलेल्या टाकीसाठी कमी ओहम आणि रिकाम्या टाकीसाठी जास्त ओहम लागतात, त्याचा काटा कपलर सोडल्यावर शून्यावर जायला हवा. आता मीटरकडे जाणाऱ्या दोन पिनांमध्ये 10 ओहमचा रेझिस्टर (ठरावीक विरोधाचा छोटा भाग) लावा. काटा फुल्लकडे सरकला पाहिजे. 47 ओहमला तो मधल्या भागात आणि 100 ओहमला शून्याजवळ यायला हवा. या तिन्हींत पास झालेलं मीटर खोलण्यात अर्थ नाही. वायरचा तुकडा लावून सरळ शॉर्ट करण्याची पद्धत सर्रास आहे, पण रेझिस्टर हाताशी असताना ती कशाला? जुन्या, आत तापणारी द्विधातू पट्टी असलेल्या मीटरचा काटा जागेवर यायला अर्धा मिनिट घेतो, म्हणून घाई करू नका. डिजिटल मीटरची गोष्ट वेगळी: कपलर सोडला की काहींवर पडद्यावरच्या सगळ्या दांड्या लुकलुकतात, आणि काही मीटर इग्निशन बंद-चालू केल्याशिवाय नवीन आकडा घेतच नाहीत. आपल्या मीटरची ओहमची रेंज सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच हे करा, कारण काही गाड्यांत दिशा उलटी असते.

त्यानंतर अर्थिंग, म्हणजे युनिटची फ्रेम-बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी. कपलर परत जोडा, इग्निशन आणि हेडलाइट चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं युनिटच्या अर्थ वायरला लावा. 0.1 व्होल्टपेक्षा कमी आलं तर ठीक. 0.2च्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून पुन्हा घट्ट बसवा. या दोषाची एक खूण उपकरणाशिवायही ओळखता येते: इंडिकेटर लावल्यावर त्याच्या तालावर काटा हलतो, किंवा ब्रेक दाबला की थोडा सरकतो. असं दिसलं तर टाकी उतरवायची गरजच नाही. वायर टाकी आणि फ्रेमच्या मध्ये चेपली गेली आहे का, हेही इथेच बघून घ्या. ती फ्रेमला टेकून शॉर्ट झाली असेल तर काटा कायम फुल्ल दाखवतो, आणि आतून तुटली असेल तर कायम शून्य.

हे दोन्ही ठीक निघालं तरच टाकी. पेट्रोल धातूच्या डब्यात काढून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, काम उघड्या हवेत आणि ज्योत-ठिणगीपासून लांब करा. बाहेर काढलेल्या युनिटच्या पिनांना मल्टिमीटर 200 ओहमच्या रेंजवर लावा (मल्टिमीटरच्या वायरींचे 0.3 ओहम वगैरे वजा धरायचे) आणि फ्लोटची दांडी तळापासून वरपर्यंत अगदी सावकाश फिरवा. आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा सर्किट तुटल्याचं दिसलं, तर ती ट्रॅकवरची (दांडीबरोबर पत्ती ज्यावर सरकते त्या विरोधाच्या पट्टीवरची) झिजलेली किंवा काळी पडलेली जागा. डिजिटल मल्टिमीटर झटपट येऊन जाणारी तूट पकडत नाही. त्यासाठी काट्याचा मल्टिमीटर बरा.

काळेपणाचं कारण बहुतेक वेळा पेट्रोलमधलं गंधक. ते चांदीच्या संपर्कावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवतं. असं युनिट वाचू शकतं: कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा, पॉलिश पेपर मुळीच नको. सिरॅमिकवर छापलेला ट्रॅक पॉलिश पेपरने खरवडला जातो आणि ओहमच बदलतात. ट्रॅकवर फिरणारी पत्ती सैल असेल तर तिला नाममात्र दाब द्या. खाच पडली असेल, किंवा वायर गुंडाळलेल्या जुन्या प्रकारात वायर तुटली असेल, तर मात्र बदलण्याला पर्याय नाही.

फ्लोटही बघावा. पोकळ प्लास्टिकचा फ्लोट कानाजवळ हलवल्यावर आत पेट्रोल वाजलं की तो गेला. संशय असेल तर बाहेर मोकळ्यावर गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगून चिरेतून बुडबुडे निघतात. फोमचा फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि टाकी भरलेली असतानाही काटा खालीच राहतो.

बदली युनिट घेताना ओहमची रेंज जुळवणं हा खरा मुद्दा. इथलं मीटर साधारण 10 ते 100 ओहमसाठी बनवलेलं आहे, तर मिळालेलं युनिट 10 ते 180चं. यावरचा रूढ उपाय म्हणजे युनिटला समांतर, म्हणजे त्याच्याच दोन वायरींच्या मध्ये, 220 ओहमचा रेझिस्टर. रिकाम्या टाकीला 180 आणि 220 मिळून 99 ओहम होतात, भरलेल्याला 10 आणि 220 मिळून 9.6. दोन्ही टोकं छान जुळली. पण मध्यावर युनिट 95 ओहम देतं आणि समांतर जोडणीत त्याचे 66 होतात, जेव्हा मीटरला अर्ध्यासाठी 54-55 हवे असतात. फरक 12 ओहमचा, म्हणजे पूर्ण रेंजच्या आठव्या भागाहून थोडा जास्त. 12 लिटरच्या टाकीत दीड लिटर. मीटर सरळ रेषेत मोजतं असं धरून हा हिशोब आहे, आणि प्रत्यक्षात काटा जवळपास तेवढाच खाली दिसतो. चूक कमी दाखवण्याच्या बाजूला आहे, म्हणून चालवून घेतली. उलट असती तर हे युनिट परत केलं असतं. रेझिस्टर 2 वॅटचा घ्यावा, 14.4 व्होल्ट पूर्ण त्याच्यावर आले तरी एक वॅटच्या आतच उष्णता होते. तो टाकीत नाही, कपलरच्या बाहेर, हीट-श्रिंक नळीत (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत).

बसवताना दांडीला बाक द्यावाच लागतो. सर्वात खालच्या स्थितीत फ्लोट तळापासून 6-8 मिलिमीटर वर आणि वरच्या स्थितीत छतापासून सेंटिमीटरभर खाली थांबला पाहिजे. वाकवताना दांडी पिव्होटजवळ (ती जिथे फिरते त्या खिळीजवळ) पक्कडीने धरा, नाहीतर जोर पिव्होटवर जाऊन युनिट बसवण्याआधीच सैल होतं. टाकीच्या मधोमध फ्रेमसाठी असलेल्या उंचवट्याला फ्लोट घासत नाही ना, हे टाकी हलवून ऐका. बोल्ट एम-6 असतील तर 8 ते 10 न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत. गॅस्केट नवीन हवं. सिलिकॉन सीलंट लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि तुकडे कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतात. युनिटबरोबर आलेलं रबर साधं नायट्राइल होतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी फ्लोरो रबरची रिंग जास्त टिकते. युनिटचं भोक टाकीच्या तळाला असल्यामुळे ही गोष्ट क्षुल्लक नाही. टाकी भरून एक रात्र खाली कोरडा कागद ठेवा, गळती असेल तर त्यावर दिसेल.

मग मोजणी. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, टाकी रिकामी, एकेक लिटर मोजून ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, काटा आणि ओहम लिहायचे. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्या दुरुस्तीत यासारखं उपयोगी दुसरं काही नाही. पहिल्या दोन लिटरांत काटा हललाच नाही, कारण फ्लोट तळाच्या टेकूवर होता. शेवटच्या अडीच लिटरांत पुन्हा हलला नाही, फ्लोट वर टेकला होता. टाकी भरल्यावर काटा बराच वेळ फुल्लवर बसून राहतो आणि मग भराभर उतरतो ते यामुळेच. हा टाकीच्या आणि दांडीच्या मापांचा परिणाम आहे. कोणतंही युनिट तो घालवणार नाही. 3 लिटरच्या जागी मीटरच्या काचेवर बारीक चिकटपट्टी लावली. रोजच्या वापरात तीच बघितली जाते.

साइड स्टँडवरचा आकडा मात्र धरू नका. मधल्या उंचवट्यामुळे पेट्रोल कमी झालं की दोन कप्प्यांत विभागतं, आणि फ्लोट एकाच कप्प्यात असतो.

इतक्या महिन्यांत काय बदललं? ओहमचे दोन्ही टोकांचे आकडे एक-दीड ओहमच्या आत कायम आहेत, ट्रॅक सलग आहे, फ्लोट जड झालेला नाही. कपलर मात्र पहिल्याच ओल्या हंगामात हिरवा पडला. सोबत आलेला कपलर उघडा होता, पितळी पिनांवर कुठलाही मुलामा नव्हता. तो कापून रबरी सील असलेला लावला आणि पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरलं. नवीन घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

खडबडीत रस्त्यावर काटा थोडा डोलतो, पण मीटर संथ असल्याने त्रास होत नाही. जलद डिजिटल मीटरवर हेच युनिट दांड्या नाचवेल. त्यावर युनिटला कपॅसिटर (वीज थोडी साठवून चढउतार मंदावणारा भाग) जोडण्याचा सल्ला बराच दिला जातो. आकडे मांडून बघा: 50 ओहम गुणिले 1000 मायक्रोफॅरॅड म्हणजे 0.05 सेकंद, एवढ्याच वेळापुरते चढउतार मंदावतात. पेट्रोलचा हिंदकळा सेकंदाच्या हिशोबात चालतो. कपॅसिटर लावून समाधान तेवढं मिळेल.

खरी उणीव वेगळीच आहे. मूळ युनिटमध्ये कमी पेट्रोलच्या दिव्यासाठी थर्मिस्टर (तापल्यावर विरोध बदलणारा भाग) होता. पेट्रोलात बुडालेला असताना तो थंड राहतो आणि प्रवाह अडवतो. उघडा पडला की स्वतःच्या प्रवाहाने तापतो, विरोध घटतो आणि दिवा लागतो. बदली युनिटमध्ये तो नाही. म्हणजे दिव्याची वायर मोकळी राहते. ती टोकाला हीट-श्रिंकने बंद करून बांधून टाका, कारण फ्रेमला टेकली तर दिवा कायम जळत राहील. ज्यांच्या गाडीत रिझर्व्हचा कॉक नाही आणि दिवा हीच शेवटची सूचना आहे, त्यांनी थर्मिस्टरसह असलेलंच युनिट शोधावं. आणि थर्मिस्टरवरचा तो दिवा काम करत असेल तर त्याच्या बल्बच्या जागी एलईडी लावू नका. थर्मिस्टर बल्बच्या प्रवाहावर तापतो, एलईडीच्या किरकोळ प्रवाहावर तो तापतच नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना हे युनिट लागू नाही. तिथे फ्लोट बहुधा पंपाच्या जोडणीवरच असतो, आणि पंप काढण्याआधी त्याचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून लाइनमधला दाब उतरवावा लागतो.